वीतभर सुतळी

आमच्या वाचनालयाच्या दाराशी एक अभिप्राय वही असे आणि एक बॉलपेन. पेन कुणी खिशात घालून नेऊ नये म्हणून ते सुतळीने खिडकीच्या गजाला जखडलेलं, आणि सुतळी नेमकी वीतभर आखूड. वहीच्या डाव्या पानावर लिहायचं तर वाचकाला दाव्याच्या वासरासारखी मान ताणून खिडकीला खेटावं लागे. त्यामुळे डाव्या पानावरचे अभिप्राय सगळे त्रोटक आणि चिडके : 'पंखा फिरत नाही.' उजव्या पानावर तीच माणसं ऐसपैस होत : 'पंखा फिरत नाही, परंतु दिवाळी अंकांची मांडणी स्तुत्य आहे.' स्वभाव म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो त्यात सुतळीचा वाटा किती, असा विचार तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे.

खरी चर्चा मात्र वहीत होतच नसे. ती चाले पुस्तकांच्या समासात, शिसपेन्सिलीने, चोरून. एका रहस्यकथेच्या बाराव्या पानावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं, 'खून काकाने केला.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'तुझ्या काकाने केला असेल.' त्याखाली तिसरं, बायकी वळणाचं, 'शेवटपर्यंत वाचा, मग भांडा.' मी वाचलं. खून काकाने केलाच नव्हता. ते खाली लिहायला गेलो तर समास संपलेला. हे दुःख तसं जुनं आहे. फ्रान्समधल्या तुलूझच्या न्यायालयात काम करणाऱ्या पिएर द फर्मा यांनी १६३७ च्या सुमारास डायोफँटसच्या गणितग्रंथाच्या समासात टिपून ठेवलं, की आपल्याला एक सुरेख सिद्धता सापडली आहे, पण ती या समासात मावत नाही. पुढची साडेतीनशे वर्षं गणिती तो समास रुंद करत बसले. अखेर अँड्र्यू वाइल्स यांची सिद्धता १९९५ साली छापून आली तेव्हा तिला शंभरावर पानं लागली. म्हणजे फर्मांची जागेची तक्रार अगदीच खोटी नव्हती. तरी न्यायालयातल्या माणसाला एक कोरा कागद मिळू नये याचं मला अजून नवल वाटतं.

पुढे वाचनालयाने वहीच्या सुधारणेसाठी समिती नेमली. ज्या सभेला मी गैरहजर होतो त्याच सभेने मला तीत घेतलं. आम्ही मन लावून काम केलं. सुतळी काढली, टेबल आणलं, टेबलावर दिवा आणला, आणि वही छापून घेतली : नाव, सभासद क्रमांक, ग्रंथाचं नाव, अभिप्राय (तीन ओळी), सूचना. ग्रंथपाल बाईंना अनुचित मजकूर पुसण्याचे अधिकार दिले. पूर्वी पोथीत चुकलं की त्यावर पिवळा हरताळ फासत. बाईंकडे पांढऱ्या शाईची बाटली होती, आणि ती त्यांनी एखाद्या मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्याला औषध लावावं तशी हलक्या हाताने वापरायची ठरवली होती.

बाटली उघडण्याची वेळच आली नाही. दोन महिने वही कोरी. माणसं टेबलाशी येत, दिव्याच्या उजेडात आपले हात उलटसुलट करून बघत आणि निघून जात. सभासद क्रमांक लिहून पंख्याविषयी बोलायला कुणी तयार नव्हतं. मला तर त्या आखूड सुतळीची आठवण येऊ लागली. तिच्याशी झटापट करून माणूस एकदा वहीपर्यंत पोचला, की काहीतरी लिहिल्यावाचून त्याला मागे फिरवत नसे.

तिसऱ्या महिन्यात एक नोंद आली, कापऱ्या अक्षरात. एका जुन्या कादंबरीचं नाव, आणि तीन ओळींत : 'पान ८७-८८ फाटलेलं आहे. ती माहेरी परत पोचली की नाही, तेवढं तरी कळवावं.' ग्रंथपाल बाईंनी कपाटं धुंडाळली, दुसरी प्रत नव्हती. पंधरा दिवसांनी मी सहज वही उघडली, तर त्या नोंदीखाली कुणीतरी दोन्ही पानं उतरवून काढलेली. घरच्या प्रतीतून असावीत. तीन ओळी अर्थातच पुरल्या नव्हत्या. 'सभासद क्रमांक'च्या रकान्यात नायिका एस.टी.तून उतरली होती, 'ग्रंथाचं नाव' ओलांडताना पाऊस सुरू झाला होता, आणि 'सूचना' या मथळ्याखाली ती छत्री नसलेली बाई ओढ्याच्या काठाकाठाने चालत होती. तिथून मजकूर समासात वळला होता, वही आडवी धरल्याशिवाय वाचता येऊ नये असा. नाव कुठेच नव्हतं. बाईंनी पांढऱ्या शाईच्या बाटलीला हातही लावला नाही.

पुढच्या खेपेला पाहिलं तर समासाच्या अगदी टोकाला, कशीबशी उरलेली जागा शोधून, त्याच कापऱ्या अक्षरात एकच शब्द होता : 'पोचली.'

पानं पोचली की ती, हे मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "राहू दे हो," आणि वही मिटून त्यांनी दिवा मालवला.