परवडणारा आडोसा

आत माणूस बसला आहे हे जनावराला कळू नये, यासाठी जमिनीवर उभारलेली चार बाजूंची आणि एका छपराची सोय म्हणजे आडोसा. अमेरिकेत धनुष्यबाणाने हरीण मारणारे हौशी लोक तो दुकानातून विकत आणतात. तो कापडी असतो, फायबरच्या काड्यांवर फटकन उघडतो, आतून काळा असतो आणि स्वस्तातला घेतला तरी शंभर डॉलरच्या आसपास जातो. कंधार तालुक्यात तेवढ्या पैशात डीएपीची पाचसहा पोती येतात. त्यामुळे दुकानी आडोशाचा विचार इथे सहसा दुकानापर्यंत पोचत नाही.

शिवाय धनुष्यबाणाचीही अडचण आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली, शिकारीचा नुसता प्रयत्नही शिकारीतच धरला आणि हत्यारांच्या व्याख्येत बंदुकीच्या पंगतीला धनुष्यबाण बसवला. काळवीट तर पहिल्याच अनुसूचीतले. पिकाची नासाडी करणारा रोही किंवा रानडुक्कर यांच्यासाठी परवानगी मागता येते. पण अर्ज, पाहणी आणि सही असे मुक्काम करत कागद पुढे सरकतो, तोवर रोह्यांचा कळप हरभरा आटोपून शेजारच्या गव्हात गेलेला असतो. तेव्हा कंधारात आडोशाची गिऱ्हाइके दोनच: बॅटरी घेऊन जागलीला बसणारा शेतकरी आणि कॅमेरा घेऊन बसणारा हौशी. गरज दोघांची एकच. खर्च करायची तयारीही दोघांची सारखीच, म्हणजे नसल्यासारखी.

पूर्वी हा प्रश्न राजेलोकांना पडला नाही. बसवकल्याण म्हणजे जुनी कल्याणी, कंधारहून फार लांब नाही. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मृगयेचे प्रकार तपशिलाने दिले आहेत, खर्चाची चिंता त्यात कुठे डोकावत नाही. परवडणाऱ्या आडोशाचा खरा शोध पारध्यांचा. त्यांच्यातले काही जण शिकवून तयार केलेली गाय किंवा बैल पुढे घालीत आणि त्याच्या आडून सावजाच्या जवळ जात. हा आडोसा आपल्या पायांनी चालतो, आपले पोट आपणच भरतो, त्याला माणसाऐवजी गुरांचा वास येतो आणि त्याचे शेणही वाया जात नाही. अमेरिकन कारखान्यांना इतके गुण एका मालात अजून बसवता आलेले नाहीत.

गाय पुढे करणे शक्य नसेल तर सामान शिवारातच शोधावे. तुरीचे खळे झाले की तुराट्या फुकट मिळतात. त्यांची ताटी मजबूत होते, पण वारा सुटला की कुरकुरते. कडबा रंगाने शिवारात छान मिसळतो. मात्र तो वैरण आहे हे रोह्यालाही माहीत असते, आणि आपला आडोसा समोरून खाल्ला जात असताना आत बसणे अवघड जाते. हिरवी शेडनेट हलकी आणि टिकाऊ. पण फाल्गुनात सगळा माळ पिवळा पडलेला असताना ती एकटीच हिरवीगार उभी राहते. जुन्या साड्या रानाभोवती बांधायला ठीक. त्या वाऱ्यावर हलतात, म्हणून जनावर काही दिवस बिचकते. लपायला त्या नेमक्या त्याच कारणाने बाद. शिवाय कोणती साडी जुनी, याबद्दल घरात एकमत नसते. सगळ्यांत सरस म्हणजे बाहेरून पोत्यांचे चवाळे आणि आतून काळी घोंगडी. चवाळे आवाज करत नाही. घोंगडीमुळे आत अंधार राहतो आणि हललेला हात बाहेर दिसत नाही. मेंढराचा वास येतो, तोही उपयोगी. घोंगडी माळेगावच्या यात्रेत घ्यावी, पण पहिल्या सांगितलेल्या भावाला घेऊ नये.

चवाळे धुऊ नये. खुराच्या जनावरांना लाल-केशरी रंग नीट ओळखू येत नाही, निळा मात्र चांगला दिसतो, आणि कपडे उजळवणाऱ्या पावडरी नेमक्या निळ्या बाजूची चमक वाढवतात. मळकेपणा हा इथे गुण आहे. तो आयताच असलेल्यांनी संकोच बाळगू नये.

जागा ठरवताना वारा जनावराकडून आपल्याकडे यावा. वाऱ्याची दिशा बिडीच्या धुरावरून पाहण्याची पद्धत आहे. अडचण एवढीच की ती बिडी जनावरही हुंगते. चिमूटभर माती सोडून पाहावी. पाठीमागची खिडकी बंद ठेवावी, नाहीतर उजेडात बसलेल्याची आकृती उठून दिसते. उंची अमेरिकेत ताणलेल्या धनुष्यावरून ठरते, इथे डोक्याच्या पटक्यावरून ठरवावी. आडोसा आधी उभा करून आठवडाभर तसाच सोडला की जनावरे सरावतात.

माणसे सरावत नाहीत. पहाटे मात्र धोका कमी असतो: बांधाआड बसलेल्याकडे बघायचे नाही, ही रीत शिवारात अजून पाळली जाते, आणि जाणारा खाकरून मान वळवतो. ऊन वर आले की चौकशी सुरू होते.

“कोन हाय रं आत? काय करायलाव?”

“पाखरं बघायलोय मामा.”

“मग बाहेरून दिसत न्हाईत का?”

तेवढ्यात मामांची नजर कॅमेऱ्याच्या तिपाईवर जाते आणि मोजणीवाले आल्याची बातमी गावात पोचते. अर्ध्या तासात आडोशाभोवती पंधरावीस खातेदार जमतात. रस्ता कुणाच्या रानातून जायलाय, मावेजा कधी मिळणार, हे विचारून होते. एक जण सातबाराची झेरॉक्स आत सरकवतो. ज्यांच्यासाठी बसायचे ती समोरच्या तलावावरची बदके पहिल्या खाकरण्यालाच उडालेली असतात. म्हणून तिपाईवर पोते टाकावे, आणि परवडणाऱ्या आडोशाच्या हिशेबात पंधरावीस चहा धरावेत.

मृग लागायच्या आत आडोसा मोडावा. तुराट्या चुलीला जातात, चवाळे धान्य वाळवायला. घोंगडी ऊन दाखवून ठेवणीत टाकावी. मेखांची भोके बुजवावीत, नाहीतर त्यांत पहिला पाय आखाड्यावरच्या म्हशीचा जातो आणि तिच्या मालकाला आडोसा कुणाचा होता हे पक्के ठाऊक असते.