गाइड निर्दोष आहे

भोसरी एमआयडीसीत हयात घालवलेल्या माणसाला, 'काय करत होता?' असं विचारा. 'गाड्या बनवत होतो' असं तो चुकूनही म्हणणार नाही. तो म्हणेल, 'बुश.' किंवा 'सर्क्लिप.' 1962 साली एमआयडीसी निघाली, 1966 साली टेल्को पुण्याकडे आली, आणि गावोगावचे आयटीआय झालेले टर्नर-फिटर इथे येऊन एकेका पार्टला जे चिकटले ते रिटायर होऊनच सुटले. आख्खी गाडी त्यांनी पाहिली ती लग्नाच्या वरातीत.

कृष्णानगरचे गाइडकाका त्यातलेच. यांचा पार्ट व्हॉल्व्ह गाइड. बोटभर लांबीची बिडाची नळी. ती इंजिनाच्या हेडमध्ये दाबून बसवतात आणि तिच्यातून व्हॉल्व्हची दांडी वर-खाली होते. तीसेक वर्षं काकांनी त्या नळीचं भोक रीमर मारून मापात आणलं, गो-नो-गो गेज घालून पाहिलं आणि ट्रेमध्ये ठेवलं. गेजची एक बाजू भोकात गेलीच पाहिजे, दुसरी जाता कामा नये. मधलं काही नाही. मुलीसाठी स्थळं पाहतानाही काकांनी मधलं काही ठेवलं नव्हतं. निरोप समारंभात शाल-नारळ मिळाला, पण काकांनी मागून घेतलं ते कॅलिब्रेशनमध्ये बाद झालेलं एक गेज. खंडेनवमीला पाटावर पहिलं फूल त्याला. गाडीचा नंबर नंतर.

गाडी म्हणजे मारुती 800, कार्बुरेटरवाली, एमएच 14. तीन सिलिंडरचं इंजिन. चारातला एक रुसला तर गाडी कशीबशी रेटते; तिनातला रुसला की आरशापासून नंबरप्लेटपर्यंत सगळं थरथरायला लागतं. दर पाच-सहा महिन्यांनी हे होतं आणि मग रविवारी सकाळी पार्किंगमध्ये काकांचं कोर्ट भरतं.

कोर्टच. कारण त्या बिल्डिंगमध्ये सगळे पार्टवाले. दुसऱ्या मजल्यावर पिस्टन रिंगवाले, समोरच्या विंगेत हेड गॅसकेटवाले. काकांनी बॉनेट उघडलं की दोघेही आपापल्या अशिलाची बाजू मांडायला चहाचा कप घेऊनच खाली उतरतात.

काकांची तपासणी मात्र पाहत राहावी अशी. गॅरेजवाला पोरगा येतो, कान देतो, 'इंजिन काम निघालंय' म्हणतो आणि आकडा सांगतो. काका आधी तिन्ही प्लग काढतात, एकेका भोकात कम्प्रेशन गेज लावतात आणि स्टिअरिंगवर बसलेल्या काकूंना ओरडून सांगतात, "ॲक्सिलरेटर पूर्ण दाब, सेल्फ मार!" बाहेरचे दोन सिलिंडर दीडशेच्या वर, मधला नव्वदवर अडकलेला. मग काकूंच्याच फोडणीच्या चमच्याने त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल. रिंगा झिजल्या असतील तर ऑइलने फट भरते आणि काटा वर चढतो. काटा जागचा हलला नाही.

"सुटलो!" रिंगवाले कप उलटा करून म्हणतात आणि भाजी आणायला निघून जातात.

पुढचा साक्षीदार हवा. पिस्टन वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. हवा कुठून तरी निसटतेच. कुठून, तेवढं ऐकायचं. कार्बुरेटरमधून सुस्कारा आला तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट. ऑइलच्या झाकणाशी फुसफुस जोरात झाली तर पुन्हा रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅसकेट. गॅसकेटवाले स्वतः रेडिएटरवर डोळे लावून उभे. काका फरशीवर आडवे होऊन सायलेन्सरला कान लावतात. गल्लीतला दुधवाला एकदा त्यांना तसं पाहून अँब्युलन्स बोलवायला निघाला होता.

"एक्झॉस्ट वॉल!" काका जमिनीवरूनच निकाल देतात. गॅसकेटवाले सुस्कारा टाकतात, तोही ऐकू येण्याइतका.

मग हेड उतरतं. व्हॉल्व्हच्या कडेला, जिथे तो हेडमधल्या सीटवर बसतो तिथे, ग्राइंडिंग पेस्ट, आधी जाड, मग बारीक. त्याच्या तोंडावर रबरी काठी चिकटवून दोन तळव्यांमध्ये रवीसारखी फिरवायची, मधूनमधून उचलायची, जागा बदलायची. तासाभराने कडेवर करडी, अखंड कडी उमटते. ती काका चश्मा कपाळावर सरकवून पाहतात तेव्हा काकूसुद्धा हाक मारत नाहीत. पूर्वी व्हॉल्व्ह घट्ट बसला का ते पाहायला वर रॉकेल ओतून ठेवत. आता रॉकेल मिळत नाही, डिझेलवर भागवतात. थेंब पाझरत नाही. हेड बसतं, गाडी सुरेख चालते. दिवाळीपर्यंत.

दिवाळीला पुन्हा तेच का, हा प्रश्न काकांनी कंपनीत शिकलेल्या 'व्हाय-व्हाय'ने सोडवायला घेतलाय. आरोपींची यादी लांब आहे: सीट, स्प्रिंग, टॅपेट, पेट्रोल, त्यातलं इथेनॉल, टेल्को रोडवरचे खड्डे. गाइड त्यात नाही. रोज सकाळी पहिल्या सेल्फला सायलेन्सरमधून निळा धूर येतो. गाइड झिजलं की रात्रभर ऑइल दांडीवरून खाली उतरतं आणि सकाळी जळतं, हे त्या बिल्डिंगमधलं शाळकरी पोरही सांगेल. काका सांगतात, "दांडीवरचं सील. रबर आहे. रबराचा काय भरवसा!"

जावई चाकणला. 2009 साली तिकडे जर्मन कारखाने उघडले, त्यानंतरच्या पिढीतला. हेडमध्ये शंका आली की हेडच रिजेक्शनच्या लाल डब्यात टाकणारा. तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमधून गेल्या रविवारी तो जेवायला पोचला तेव्हा हेड वर्तमानपत्रावर पडलेलं होतं. त्याने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवरून जरासा उचलला आणि आडवा हलवला. तो चांगलाच डुगडुगला.

"मामा, गाइड गेलंय. वॉल तिरका बसतो. तुम्ही कितीही घासा, चार महिन्यांत सीट पुन्हा सोडणार."

गॅसकेटवाल्यांनी कप खाली ठेवला. काका काही न बोलता वर गेले, देवघरातलं गेज घेऊन आले आणि त्याला लागलेलं कुंकू बनियनला पुसलं. दांडी बाहेर काढून गाइडमध्ये आधी 'गो' बाजू घातली. गेली. मग 'नो-गो'. तीही गेली, वर खुळखुळली.

"आमचा नाही हा," काका म्हणाले. "मारुतीला आमचा माल जातच नव्हता."

"अगंबाई! मग इतकी वर्षं त्याची बाजू कशाला घेत होता?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे? युनियन कशाला असते मग?"