जागतिक वारसा, चहा-नाश्त्यासह

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये २१ देशांच्या समितीने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांवर जागतिक वारशाची मोहोर उमटवली आणि तमाम मराठी मध्यमवर्गाची पंचाईत करून ठेवली. तोवर लोहगड हा आपला लोहगड होता. गाडीतून दिसला की ‘एकदा जायला पाहिजे’ असं म्हणायचं आणि चिक्की घ्यायला लोणावळ्यात उतरायचं, अशी साधी सोय होती. आता तोच लोहगड ताजमहाल आणि चीनच्या भिंतीच्या पंगतीला जाऊन बसला. इतक्या मोठ्या माणसाला ‘एकदा येतो’ सांगून कटवणं बरं दिसत नाही.

त्या रात्री प्रत्येक कौटुंबिक ग्रुपवर अभिमानाचा पूर आला. ज्यांना बारांपैकी चार नावं धड सांगता आली नसती, त्यांनी बाराच्या बारा नावांची यादी सतरा ग्रुपांवर फॉरवर्ड केली. पूर ओसरल्यावर मात्र प्रत्येक घरात एक अवघड प्रश्न उरला: मग या दिवाळीत कुठे जायचं?

युनेस्कोचं काम तसं सोपं असतं. तिथे एकूण दहा निकष आहेत आणि त्यांतला एक जरी पुरा झाला तरी यादीत यायला हरकत नाही. मराठी घरात एक जरी निकष चुकला तरी स्थळ बाद. गाडी दारापर्यंत जाते का? स्वच्छतागृह आहे का, आणि असल्यास त्याला कडी आहे का? आजींच्या गुडघ्यांना झेपेल का? नेटवर्क मिळतं का? आणि सर्वात शेवटी, म्हणजे खरं तर सर्वात आधी, तिथे खायला काय मिळतं? युनेस्कोला सल्ला द्यायला इकोमॉस ही तज्ज्ञांची संस्था आहे. आपल्याकडे मेहुणे आहेत. इकोमॉसचा सल्ला समिती कधीकधी फिरवते. मेहुण्यांचा सल्ला फिरवण्याची छाती अजून कुणाची झालेली नाही. ‘आम्ही जाऊन आलो. काही नाही हो तिथे, नुसते दगड आहेत,’ असा अहवाल आला की त्या स्थळाची फाईल कायमची बंद.

अशा काटेकोर छाननीनंतर बारा किल्ल्यांची जी क्रमवारी लागते, तिला इतिहासकारांनी नावं ठेवू नयेत. तिच्यामागे वेगळं शास्त्र आहे. पन्हाळा सहज पास होतो, कारण गाडी थेट वर जाते आणि खाली कोल्हापूर आहे. तांबडा-पांढरा रस्सा आणि मिसळ यांच्यामध्ये सकाळचे दोन तास रिकामे राहतात, त्यात पन्हाळा बरोबर बसतो. सिंधुदुर्ग पास, कारण मालवणात सुरमईची थाळी लागायला वेळ असतो. तेवढ्यात होडीने जाऊन येता येतं. ऐन समुद्रात कुरटे बेटावर महाराजांनी १६६४ मध्ये या किल्ल्याची पायाभरणी केली, तेव्हा पुढे मासळीच्या ताटाआधी भूक लागावी म्हणून त्याचा असा उपयोग होईल हे त्यांच्या दूरदृष्टीलाही दिसलं नसावं. लोहगडाला चिक्कीचा आधार आहे. रायगडाला रोपवे आहे. रांगेत तीन तास उभं राहिलं की वर काही मिनिटांत पोचता येतं, आणि चढण्याचे कष्ट वाचले म्हणून सगळे खूश असतात.

राजगड मात्र सपशेल नापास. पंचवीसेक वर्षं स्वराज्याची राजधानी असलेला हा गड. पण वर जायला घाम गाळून चढावंच लागतं आणि पायथ्याशी ‘फॅमिली रूम उपलब्ध’ अशी मोठी पाटी दिसत नाही. साल्हेरचं तर नावच काढू नका. बागलाणातला १,५६७ मीटर उंचीचा, राज्यातला सर्वात उंच किल्ला. १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांना खुल्या मैदानात धूळ चारली ती याच्या परिसरात. एवढं सगळं सांगून झाल्यावर घरातून एकच प्रश्न येतो: ‘वाटेत काय लागतं?’ सुवर्णदुर्गाची गोष्ट आणखी मजेची. हर्णैला माणसं तुडुंब जातात. संध्याकाळी मासळीचा लिलाव बघतात, पापलेटच्या भावावर चर्चा करतात, आणि समोर पाण्यात उभा असलेला जागतिक वारसा फोटोच्या मागच्या बाजूला नीट येतोय ना, एवढं तपासून घेतात. खांदेरीला तर तेही भाग्य नाही; थळच्या किनाऱ्यावरून तो ‘ते बेट’ असतो.

बारावा किल्ला जिंजी, तमिळनाडूत. १६८९ मध्ये छत्रपती राजाराम महाराज मोगल मागावर असताना वेषांतर करून पन्हाळ्याहून तिथे पोचले आणि तो गड वेढा पडूनही वर्षानुवर्षं झुंजत राहिला. आपल्या मागावर आज गृहकर्जाच्या हप्त्याखेरीज कोणी नाही, रस्ते गुळगुळीत आहेत, विमानं आहेत. पण घरच्या समितीचं मत स्पष्ट असतं: ‘फार लांब पडतं हो.’ हे मत देणारं कुटुंब मागच्याच मे महिन्यात स्वित्झर्लंडला जाऊन आलेलं असतं.

तिथेही ते वारसास्थळीच गेलं होतं, फक्त त्याला ते कुणी सांगितलं नाही. युंगफ्राऊ आणि आल्प्समधली सर्वात मोठी आलेच हिमनदी २००१ पासून यादीत आहेत. ३,४५४ मीटरवरच्या स्टेशनात उतरल्यावर मराठी माणूस आधी चौकशी करतो ती भारतीय जेवणाची. ते मिळतं हे कळलं की त्याच्या चेहऱ्यावर जे तेज पसरतं, ते हिमनदी बघून पसरत नाही. मग एक बर्फाचा गोळा भावोजींना, एक मुलाला, एक सेल्फीसाठी, आणि परतीच्या गाडीत ‘आपल्याकडे असं काही जपत नाहीत’ या विषयावर परिसंवाद. हिमनदी आकसत चालली आहे, पण त्या परिसंवादात तिला वेळ मिळत नाही. पोळी गरम होती की नाही, यावरच तो संपतो.

‘आपल्याकडे जपत नाहीत’ म्हणणारे हेच गृहस्थ वीस वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ एका जागतिक वारसास्थळातून धावत गेलेले असतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला हा दर्जा २००४ मध्ये मिळाला. वारसास्थळाचा मासिक पास काढणारी आणि तिथून लवकरात लवकर बाहेर कसं पडता येईल एवढाच विचार करणारी अशी जमात जगात दुसरीकडे फारशी नसेल. फ्रेडरिक स्टीव्हन्सने १८७८ पासून दहा वर्षं खपून या इमारतीवर काय काय कोरून घेतलं आहे, हे बघायला मान वर करावी लागते. डाउन फास्ट कुठल्या फलाटावर लागतेय हे बघायलाही मान वर करावी लागते. दोन्ही एकदम होत नाही.

लेण्यांच्या बाबतीत मात्र समितीने न्यायबुद्धी दाखवली आहे. अजिंठा आणि वेरूळ दोन्ही १९८३ चे, पण गुण सारखे नाहीत. वेरूळला शेजारीच घृष्णेश्वर आहे, म्हणजे एका पेट्रोलमध्ये वारसा आणि पुण्य दोन्ही. शिवाय कैलास लेणं दारातच भेटतं. उरलेली ३३ लेणी ‘तशीच असणार’ म्हणून सोडून देता येतात. अजिंठ्याला गाडी फर्दापूरच्या फाट्यावर सोडून बसने जावं लागतं, हा अपमान नवीन एसयूव्ही घेतलेल्या माणसाने कसा सहन करावा? त्यात अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी, त्यामुळे लाँग वीकेंडचा सोमवार जोडून आलेली मंडळी सरकारवर जी टीका करतात, ती लेण्यांमधल्या शांततेला परवडणारी नाही. १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथला अजिंठ्याची लेणी सापडली तेव्हा दहाव्या लेण्यात त्याने आपलं नाव आणि तारीख कोरली. त्याच्यानंतर आलेल्या आपल्या लोकांनी ही परंपरा भक्तिभावाने पुढे चालवली. फक्त तारखेच्या जागी बदाम आला.

गोव्याच्या चर्चना यादीत येऊन चाळीस वर्षं होत आली. मराठी कुटुंब गोव्याला वर्षाआड जातं, मंगेशी आणि शांतादुर्गेला न चुकता हात जोडतं, आणि जुन्या गोव्यावरून जाताना मुलांना गाडीतूनच सांगतं, ‘ते बघ, चर्च.’

यादीत आलेलं बाहेरही जाऊ शकतं, हे लक्षात घ्यावं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या एल्ब खोऱ्यात चौपदरी पूल बांधला म्हणून २००९ मध्ये त्याचं नाव कापलं गेलं. लिव्हरपूलने बंदराकाठी नव्या इमारती उठवल्या आणि २०२१ मध्ये तेही गेलं. आपल्या सुट्टीच्या यादीतून आजोळ असंच गेलं. कौलं उतरवून स्लॅब टाकला, अंगणात पेव्हर ब्लॉक बसले, मामाने आंब्याच्या जागी पार्किंग केलं आणि खोल्या भाड्याने द्यायला काढल्या. आता तिथे भाचरांना सवलतीच्या दरात बुकिंग मिळतं.

तर यंदाच्या दिवाळीपुरता समितीचा निर्णय असा: महाबळेश्वर. यापूर्वीही अनेकदा हाच निर्णय झाला होता, पण तेव्हा त्याला दर्जा नव्हता. आता महाबळेश्वरपासून तासाभराच्या अंतरावर असलेला प्रतापगड यादीत आल्यामुळे ही रीतसर जागतिक वारसा सहल झाली आहे. स्वेटर घेतले, हॉटेल ठरलं. हॉटेलाखालच्या टॅक्सीवाल्याकडे पॉइंटांची एक लॅमिनेट केलेली यादी असते. तिला युनेस्कोच्या यादीपेक्षा कितीतरी अधिक मान आहे, कारण तिच्यासमोर रुपये लिहिलेले असतात. वेण्णा लेक, ऑर्थर सीट, एलिफंट्स हेड, आणि तळाशी प्रतापगड. अफझलखानाची भेट नेमकी कुठे झाली, बुरुजांची रचना कशी आहे, भवानीमातेचं मंदिर, हे सगळं मुलांना शांतपणे दाखवायचं असं घरी ठरलं. फोनवर टॅक्सीवाल्याला तसं सांगितलंही.

‘दाखवू की साहेब,’ तो म्हणाला. ‘गडावर पाऊण तास धरा. पुढं स्ट्रॉबेरी क्रीमला रांग असते, तिथं दीड तास जातो.’