सत्काराचा अहवाल, दुपारी 2 पर्यंत

मेहेरबान केंद्रप्रमुखसाहेब यांचे सेवेशी,



गेल्या शिक्षकदिनी यवतच्या पंचक्रोशीतील एका द्विशिक्षकी शाळेत गुरुजींना शाल-श्रीफळ अर्पण होऊन अध्यक्षांचे भाषण राष्ट्रनिर्मात्यांच्या थोरवीपर्यंत आले असतानाच, ‘शिक्षकदिन साजरा केल्याचा अहवाल जिओटॅग फोटोंसह दुपारी 2 पर्यंत, तात्काळ, कसूर झाल्यास खुलासा’ हे आपले फर्मान गुरुजींच्या खिशात थरथरले, आणि ते राष्ट्रनिर्माते, अंगावरची शाल सावरीत, रेंजच्या शोधात पटांगणाच्या टोकाशी भुलेश्वराच्या डोंगराकडे तोंड करून उभे राहिले. शिक्षकांचा गौरव कसा करावा याविषयी माझ्यासारख्या अज्ञ पालकाच्या मनात जो काही संदेह होता, तो त्या क्षणी समूळ नाहीसा झाला.

पालखी मुक्कामी आली की हेच यवत हजारो वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढते. पण भाकरी हातात धरलेल्या वारकऱ्याचा फोटो पुरावा म्हणून आजवर कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 27 व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांच्या माथी मारण्यास मुभा ठेवली आहे. आपले ‘तात्काळ’ यांपैकी कशात मोडते याचा मी पुष्कळ विचार केला. ते आपत्तिनिवारणात बसत नाही, आपत्तीत मात्र चपखल बसते. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, आणि वर्ग चार! त्यातला एक दौंडला सभेस गेला की दुसऱ्याने चारही वर्ग सांभाळावयाचे, खिचडीची चव घेऊन नोंद करावयाची, जेवलेल्यांचा आकडा मोबाइलवरून भरावयाचा, आणि जी पटसंख्या सरकारच्या यू-डायस पोर्टलवर आहे, सरल पोर्टलवर आहे, ती पुन्हा आपल्या नव्या एक्सेल तक्त्यात भरून ‘माहिती निरंक असल्यास तसे कळवावे’ या आज्ञेचे पालनही करावयाचे. तोवर दुसरीची मुले हातच्याच्या वजाबाकीत अडकून बसलेली. अहो, दप्तरात असलेलेच दप्तराला पुन्हा कळवण्यासाठी त्या मुलांचा तास का घेता? त्या माणसाला शिकवू द्या की!

15 मार्च 2024 च्या शासननिर्णयाने शिक्षकांच्या पोशाखाचे नियम ठरवून नावामागे ‘टि’ हे अक्षर लावण्याची सवलत बहाल केली, त्याबद्दल सरकारचे आभार. अक्षर मिळाले, अवकाश तेवढा राहिला.

तथापि आपणावर रोष धरताना हात आखडतो. राज्यभर केंद्रप्रमुखांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या पडत आल्या आहेत, आणि आपल्याकडेही शेजारच्या केंद्राचा अतिरिक्त पदभार आहे. ते फर्मान आपण लिहिले नव्हते, वरून जसे आले तसे खाली लोटले होते, आणि वरच्यांनीही बहुधा तेच केले होते. आपणही एके काळी खडूने हात पांढरे केलेले. आपला सत्कार मात्र त्या दिवशी कोणास सुचला नाही.

म्हणून एवढीच विनंती. एखाद्या दिवशी कसलाही तक्ता न मागता शाळेत यावे आणि तिसरीचा वर्ग आपण घ्यावा; आपले गणित फार उत्तम असे, असे जुने लोक सांगतात. तेवढ्या वेळात गुरुजी पहिलीच्या मुलांपाशी बसतील. जाताना शेरेबुकात मात्र काही लिहू नये.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पालक, यवत