बुडीत खात्याचे मानकरी

कोरोनाकाळात अमेरिकेने बेकारभत्ता असा सढळ हाताने वाटला, की कॅलिफोर्नियात फाशीच्या कैद्यांच्या नावानेही पैसे निघाले. बरोबरच आहे म्हणा, तुरुंगात नोकरी कुठली! देशभरात नुसत्या लबाडीत 100 ते 135 अब्ज डॉलर गेले, असा सरकारी लेखापरीक्षकांचा अंदाज. पत्ते खोटे, चोर परागंदा. त्यातलं बरंचसं बुडीत खाती. सापडतो तो खरा पत्ता लिहिणारा. एखाद्या वेटरच्या दारात मागाहून नोटीस येते : जादा पैसे गेले, परत करा. माफी हवी? मग घरभाडं, वीजबिल, शिल्लक मांडून गरिबी सिद्ध करा. नाहीतर टॅक्स रिफंड वळता. कॅलिफोर्नियात तर लॉटरीचं बक्षीसही कापून घेतात. सरकारचा आशावाद दांडगा!