कव्हरवरचा डायनासोर

अहो वहिनी, ऐकलंत का? या, अशा कुंपणाजवळ या. लाल गेटवाल्यांकडे दिवाळीचा पसारा निघालाय, पाहिलात ना? दिवाण उघडला तर आत काय, व्हीसीडी! गोणीभर! अन् भंगारवाला म्हणतो कसा, "बाई, याले आता कोनी घेत नाही जी." भाऊजींचं तोंड पाहायला हवं होतं तुम्ही. एवढे पैसे घातले त्यात त्या काळी... जाऊ द्या, आपल्याला काय करायचंय.

तर काय सांगत होते, गोणीत सगळ्यात वर कोणती होती माहितेय? तीच ती, डायनासोरवाली! तुम्ही तेव्हा या गल्लीत आल्या नव्हत्या का? बाप्पा, मग तुम्हाला काहीच माहीत नाही!

मंडईतून आणली होती. कव्हर असं की बघत राहावं. हा एवढा डायनासोर, त्याच्या तोंडात रेल्वेचा डबा, खाली पळणारी माणसं, मागे आग. भाऊजींनी अख्खी गल्ली बोलावली. पोट्टे पुढे, आम्ही मागे, पुरुष मंडळी दाराशी. सुरू झालं अन् काय? दोघं जण जीपमध्ये. बोलताहेत. जीप थांबली, उतरले, फोनवर बोलले, परत जीपमध्ये. अर्धा तास हेच! लाल गेटवाल्या वहिनींच्या सासूबाई, तुम्हाला ठाऊकच आहे त्यांचा आवाज, म्हणाल्या, "हे त आपल्या बाल्याच्या लग्नाच्या क्याशेटीवानी दिसते. वरात कवा येते?" हसायला तर येतंय, पण हसायचं कसं? भाऊजी समोर घाम पुसताहेत.

एका चकतीत आख्खा सिनेमा मावायचा नाही ना तेव्हा, दोन असायच्या. भाऊजी म्हणाले, "दुसरीत असेल." घातली दुसरी. अन् आला बरं का, शेवटी आला डायनासोर! पण मेल्याचे पाय जमिनीला टेकेनात. वीतभर वरून चालत होता. रेल्वे? रेल्वे कुठली! आख्ख्या सिनेमात रूळसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी दुकानवाल्याकडे गेले, तर तो थंडपणे म्हणाला, "सील फुटलं की वापस नाही." लाल गेटवाल्या वहिनींनी चार दिवस भाऊजींना वरण-भातावरच ठेवलं होतं, असं आमच्या धुणंवालीने सांगितलं. खरं-खोटं देव जाणे.

अन् बरं, तेव्हा खरी व्हीसीडी काही महाग नव्हती हो! मोझर बेअर कंपनीने 2007 च्या सुमाराला 28 रुपयांत काढली, ओरिजिनल. पण भाऊजींना त्यातूनही पाच रुपये वाचवायचे.

हे झालं आपलं. पण माझा नागपूरचा भाचा आहे ना, कॉम्प्युटरवाला, तो सांगत होता की अमेरिकेत अशा फसव्या सिनेमांची चक्क कंपनीच आहे. द असायलम म्हणून. मोठ्या कंपनीवाल्यांचा 'ट्रान्सफॉर्मर्स' यायचा होता 2007 मध्ये, तर यांचा 'ट्रान्समॉर्फर्स' त्याच्या आठवडाभर आधी दुकानात! मोठ्यांचे साप विमानात, तर यांचे ट्रेनमध्ये. घाईत हात घालणाऱ्याला काय कळतंय? अन् पुढचं तर ऐका. 2012 मध्ये 'हॉबिट' येणार म्हटल्यावर यांनी 'एज ऑफ द हॉबिट्स' काढला. खऱ्या 'हॉबिट'चे वॉर्नरवाले गेले कोर्टात. तिथे हे काय म्हणाले असतील? आमचे हॉबिट ते नव्हेतच, इंडोनेशियात फार पूर्वी बुटकी माणसं होती ना, ज्यांची हाडं सापडली, ते हे! काय डोकं बघा! कोर्टाने ऐकलं नाही म्हणा, नाव बदलायला लावलं. आपला मंडईतला दुकानवाला तरी बिचारा "वापस नाही" एवढंच म्हणाला.

हं, त्या गोणीत 'रामगढ के शोले'सुद्धा होता. 1991 चा. आमच्या ह्यांनी अमिताभ म्हणून डोळे लावले, तर डुप्लिकेट! देव आनंद डुप्लिकेट, अनिल कपूर डुप्लिकेट. अन् गब्बर मात्र खराखुरा अमजद खान. हे एकदम गप्प झाले. म्हणाले, "याला काहून यावं लागलं असेल यांच्यात?" मी काही बोलले नाही. मला तर आवडला होता बाई. डुप्लिकेट तर डुप्लिकेट, कामं तरी मन लावून करत होते.

मन लावून म्हटलं की ते मालेगाववाले आठवतात. नासिर शेख हो, व्हिडिओ पार्लरवाले! 2000 साली 'मालेगाव के शोले' काढला. पॉवरलूमवर काम करणारी पोरं हिरो, बैलगाडीवर कॅमेरा. मग सुपरमॅन काढला, तो इतका लुकडा की वाऱ्यानेच उडेल. शूटिंगमध्ये कॅमेरा पाण्यात पडला, तो वाळवून पुन्हा कामाला लागले. पण नावातच सांगून टाकलं ना, मालेगावचा आहे म्हणून? घ्यायचा तर घ्या. फैजा अहमद खानने त्यांच्यावर डॉक्युमेंटरी केली, अन् 2025 मध्ये रीमा कागतीने त्यांच्यावर मोठा पिक्चर काढला. लाल गेटवाले भाऊजी म्हणतात, "हलक्या पिक्चरवर एवढा खर्च?" मी म्हटलं, तुम्ही नका बोलू!

अन् खरी बातमी तर राहिलीच. आपल्या गल्लीतले पोट्टे पिक्चर काढताहेत! युट्यूबसाठी. कोक्याच्या जंगलातल्या वाघावर. चौकात फ्लेक्ससुद्धा लागला, वाघ असा की अंगावर येईल. मी विचारलं, वाघ आणणार कुठून? तर एकमेकांकडे पाहायला लागले. एक जण म्हणाला, "काकू, फक्त आवाज येईल." घ्या!

मग हळूच म्हणतो कसा, काकू, तुम्ही सरपंचीण व्हाल का? मी साफ नाही म्हणून सांगितलं. म्हटलं, लुगडं माझ्या पसंतीचं, डायलॉग आधी वाचून दाखवायचे, अन् फ्लेक्सवर वाघाच्या बाजूला फोटो हवा. ते तयार झालेत म्हणे. मंगळवारी शूटिंग आहे. तुम्ही येताय ना वहिनी? तुमची ती हिरवी पैठणी मात्र आधी द्या.