हिरवाईचा पुरावा

नॅकची समिती येणार म्हटलं की आपल्या विद्यापीठांना निसर्गाचा उमाळा येतो. तिच्या मूल्यांकनातल्या सातव्या निकषासाठी हरित लेखापरीक्षण आणि जिओटॅग केलेले फोटो लागतात. रोपाला पाणी मिळो न मिळो, अक्षांश-रेखांश मिळतातच. ५ जूनला, पर्यावरण दिनी, एकाच रोपट्याला कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता आणि एनएसएसचे स्वयंसेवक मिळून हात लावतात. (फोटोत रोपटं दिसत नाही, ते गृहीत धरायचं.) मागे ‘प्लॅस्टिकमुक्त परिसर’ अशी घोषणा, अर्थात पीव्हीसीच्या फ्लेक्सवर. त्यात इंडोनेशिया विद्यापीठाने २०१० साली हिरवेपणाचीही जागतिक क्रमवारी काढली. तिच्यात नाव लागलं की अभिनंदनाचे आणखी चार फ्लेक्स. लावलेल्या झाडांचा आकडा अहवालात ठळक असतो. जगलेल्यांचा एकदा मागून बघा.